कमांडने पेनड्राइव्ह, कार्ड आणि बाहेरची डिस्क काढताना: 'टार्गेट इज बिझी' येते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात दांडिया बाजाराजवळ फोटोछपाईचे दुकान. काउंटरमागे एक लिनक्सवाला संगणक, शेजारी एक विंडोजचा, आणि घरून आणलेला एक मॅक. दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डे येतात. नवरात्रात तर गरबा संपल्यावर रात्री एक वाजता फोटोग्राफर ६४ जीबीचे कार्ड पुढे करतो आणि 'लवकर द्या' म्हणत उभा राहतो. माउसने काढत बसण्याऐवजी हे कमांडने करायचे आहे. पण कधी 'टार्गेट इज बिझी' येते, कधी पेनड्राइव्हचा दिवा विझतो, कधी विझतच नाही. नक्की कोणती कमांड बरोबर?

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकायच्या. जिथे स्पेलिंग हमखास चुकते तिथे अक्षरे फोडून दिली आहेत.

दिव्याचा गोंधळ आधी सोडवू, कारण बाकीचे सगळे त्यातच आहे. 'काढणे' या एका शब्दात तीन वेगळी कामे लपलेली असतात. पहिले अनमाउंट: संगणक त्या डिस्कवरच्या फाइलींचा हिशोब मिटवतो, मेमरीत राहिलेले लिखाण डिस्कवर उतरवतो आणि फोल्डर सोडून देतो. दुसरे इजेक्ट: डिस्कलाच 'माध्यम बाहेर टाक' असा निरोप जातो. डीव्हीडीचा ट्रे यानेच उघडतो, पेनड्राइव्ह मात्र नुसता 'आत काही नाही' असे सांगू लागतो. तिसरे पॉवर-ऑफ: यूएसबीवरचे ते उपकरणच संगणक सोडून देतो आणि पोर्ट बंद करायला सांगतो. माहिती वाचते ती पहिल्या कामाने. दिवा विझतो तो बहुधा तिसऱ्याने, आणि तोही त्या पेनड्राइव्हच्या आणि पोर्टच्या मर्जीवर. म्हणून अनमाउंट नीट झाले असेल तर दिवा चालू असतानाही पेनड्राइव्ह काढायला हरकत नाही. उलट दिवा लुकलुकायचा थांबला म्हणजे लिखाण संपले, हा समज मात्र महागात पडतो.

तो का, ते बघा. लिनक्सवर ६०० एमबीची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली की एकदोन सेकंदांत 'झाले' दिसते. प्रत्यक्षात ती मेमरीत गेलेली असते. साधा यूएसबी २ चा पेनड्राइव्ह सेकंदाला ८-१० एमबीच्या वेगाने लिहितो, म्हणजे खरे काम पुढे मिनिटभर चालायचे असते. नेहमीच्या सेटिंगमध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीतले असे न लिहिलेले पान ३० सेकंद जुने झाले की ते लिहायला घेतो, आणि असे काही साठले आहे का हे दर ५ सेकंदांनी तपासतो. किती शिल्लक आहे हे डोळ्यांनी बघायचे असेल तर:

वॉच ग्रेप -ई डर्टी -ई राइटबॅक /प्रॉक/मेमइन्फो

यात डर्टी आणि राइटबॅक या शब्दांची पहिली अक्षरे मोठी टाका. डर्टीचा आकडा उतरत उतरत काही केबींवर येतो तोवर लिखाण चालू आहे. तो अगदी शून्यावर येईल म्हणून थांबू नका, कारण संगणकाच्या स्वतःच्या डिस्कचे चिल्लर लिखाण त्यात चालूच असते. सिंक ही कमांड सगळे उतरवून घेते, पण सगळ्या डिस्कांचे. दुसऱ्या पोर्टवर कोणाची मोठी कॉपी चालू असेल तर तिच्यासाठीही ती थांबून राहते. तेव्हा सिंक -एफ पुढे त्या पेनड्राइव्हच्या फोल्डरचा पत्ता द्या, म्हणजे तेवढ्याचेच उतरेल. खरे तर अनमाउंट स्वतःच आधी सगळे उतरवते आणि मगच प्रॉम्प्ट परत देते. प्रॉम्प्ट आला नाही म्हणजे कमांड अडकली असे समजून लोक कंट्रोल-सी मारतात किंवा पेनड्राइव्ह उपटतात. ती अडकलेली नसते, लिहीत असते.

आता क्रमाने. आधी ओळख पटवा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,आरएम,ट्रान,लेबल,माउंटपॉइंट

ट्रान या रकान्यात यूएसबी दिसले की ती बाहेरची. आरएम रकान्यावर विसंबू नका. पेनड्राइव्हला तिथे १ असतो, पण यूएसबीच्या बऱ्याच बाहेरच्या हार्ड डिस्का स्वतःला 'न काढता येणाऱ्या' म्हणवतात आणि ० दाखवतात. आकारावरूनही ओळख पटते, फक्त खोक्यावरचा आकडा तिथे दिसणार नाही. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह २९ च्या आसपास दिसतो आणि ६४ चे कार्ड ५९ च्या आसपास, कारण कंपनी हजारात मोजते आणि ही कमांड १०२४ मध्ये. समजा आपला पेनड्राइव्ह एसडीबी आणि त्यावरचा भाग एसडीबी१ आहे. मग (पहिला शब्द यू-डी-आय-एस-के-एस-सी-टी-एल):

यूडिस्क्ससीटीएल अनमाउंट -बी /डेव्ह/एसडीबी१
यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी

पहिल्या ओळीत भागाचा आकडा आहे, दुसरीत नाही. अनमाउंट भागाचे होते, पॉवर-ऑफ अख्ख्या उपकरणाचा. कार्डावर सहसा एकच भाग असतो, पण कोणी पेनड्राइव्हवर लिनक्स इन्स्टॉलर टाकून आणला असेल तर दोन-तीनही निघतात. जे जे माउंट झालेले दिसतील ते सगळे सोडवावे लागतात, नाहीतर पॉवर-ऑफ नकार देतो. आणि देतो ते बरेच आहे.

इथे स्पेलिंगचा एक सापळा आहे. यूडिस्क्ससीटीएलसोबतच्या अनमाउंटमध्ये यू-एन-एम, म्हणजे एन आहे. पण एकट्याने वापरायची जुनी कमांड आहे यूमाउंट: यू-एम-ओ-यू-एन-टी, सुरुवातीला एन नाही. 'कमांड नॉट फाउंड' येते ते दहापैकी नऊ वेळा याच एनमुळे. यूमाउंटला सूडो (एस-यू-डी-ओ, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे) लागते. यूडिस्क्ससीटीएलला समोर बसलेल्या माणसाकडून सहसा लागत नाही, पण तोच संगणक दुसऱ्या खोलीतून एसएसएचने चालवत असाल तर ते पासवर्ड मागते. त्याच्या दृष्टीने तुम्ही संगणकासमोर नसता.

अनेक खाचांच्या कार्ड रीडरवर पॉवर-ऑफ वापरू नका. चारही खाचा एकाच यूएसबी उपकरणाच्या असतात. एक कार्ड काढायला गेलात की अख्खा रीडर गायब होतो आणि वायर काढून पुन्हा घातल्याशिवाय परत येत नाही. तिथे नुसते अनमाउंट, किंवा फार तर सूडो इजेक्ट /डेव्ह/एसडीबी. इजेक्टनंतर एलएसबीएलकेमध्ये ती खाच ० आकाराची दिसते, म्हणजे काम झाले. लॅपटॉपच्या अंगच्या खाचेतले कार्ड एमएमसीबीएलके० अशा नावाने येते. त्याला इजेक्टही लागू नाही आणि पॉवर-ऑफही नाही. अनमाउंट करा आणि काढा.

फिरत्या तबकड्यांची बाहेरची हार्ड डिस्क असेल तर मात्र उलट: पॉवर-ऑफ कराच. नुसत्या अनमाउंटने माहिती वाचते, पण तबकड्या फिरतच असतात. वायर ओढली की वाचणारे हेड घाईघाईने जागेवर पळते, आणि डिस्क स्वतःच्या नोंदीत ते मोजूनही ठेवते. पॉवर-ऑफने आधी डिस्कची अंगची मेमरी रिकामी होते, मग मोटर थांबवायचा निरोप जातो. हाताला थरथर जाणवायची थांबली की उचला.

आता 'टार्गेट इज बिझी'. अर्थ सरळ आहे: त्या फोल्डरात कोणीतरी आहे. बहुतेक वेळा ते तुम्हीच असता. टर्मिनलमध्ये सीडी करून पेनड्राइव्हच्या आत गेलात आणि तिथेच उभे राहून तो काढायला निघालात, तर बसल्या फांदीवर कुऱ्हाड घातल्यासारखेच. नुसते सीडी टाकून घरी या आणि पुन्हा करून बघा. नाही झाले तर कोण बसले आहे ते विचारा:

सूडो फ्यूजर -व्हीएम /मीडिया/दुकान/किंग्स्टन

फ्यूजर म्हणजे एफ-यू-एस-ई-आर. उबुंटू, डेबियन, मिंट यांवर पत्ता /मीडिया पासून सुरू होतो, फेडोरावर /रन/मीडिया पासून. उत्तरात पहिली ओळ 'कर्नल माउंट' अशी असते, ती सोडून द्या. खाली प्रत्येक ओळीत वापरणारा, प्रक्रियेचा क्रमांक, टिंबांमध्ये एखादे अक्षर आणि प्रोग्रामचे नाव येते. ते अक्षर महत्त्वाचे आहे. छोटा सी म्हणजे ती प्रक्रिया नुसती त्या फोल्डरात उभी आहे. छोटा एफ म्हणजे फाइल उघडी आहे, मोठा एफ म्हणजे फाइल लिहिण्यासाठी उघडी आहे, ई म्हणजे तिथलाच प्रोग्राम चालू आहे, एम म्हणजे फाइल मेमरीला जोडून घेतलेली आहे. '..सी..' आणि पुढे 'बॅश' दिसले तर ते कुठले तरी विसरलेले टर्मिनल आहे, खुशाल बंद करा. मोठा एफ दिसला तर थांबा, कारण कोणाची तरी फाइल अर्धी आहे. छपाईच्या दुकानात बहुधा छोटा एफ निघतो. फोटोचा प्रोग्राम चित्र बंद केल्यावरही फाइल धरून बसतो, किंवा मागे लघुचित्रे बनवणारी प्रक्रिया २००० फोटोंवरून फिरत असते. तिला अर्धा मिनिट द्या.

फ्यूजरला -के जोडले की तो सापडेल त्या प्रक्रियेला ठार करतो, तोही तिला आवराआवर करायची संधी न देता. वापरायचेच असेल तर -आय जोडा, म्हणजे प्रत्येकाआधी विचारेल, आणि मोठ्या अक्षरातला -एम जोडा. तो मोठा एम म्हणजे गाडीचा सीटबेल्ट आहे. छोट्या एमला दिलेल्या पत्त्यावर काहीच माउंट झालेले नसेल, तर तो त्या पत्त्याखालची फाइलप्रणाली धरतो, म्हणजे संगणकाची मुख्य डिस्क! पेनड्राइव्ह आधीच निघालेला असताना सूडोने -केएम मारले की अख्खा संगणक खाली बसतो. मोठा एम असेल तर अशा वेळी फ्यूजर नुसता नकार देतो.

फ्यूजर रिकाम्या हाताने परत आला आणि तरी बिझी येते, असेही होते. मग धरणारा प्रोग्राम नसून कर्नल स्वतः असतो. पेनड्राइव्हवरची आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत) माउंट केलेली आहे का ते लूसेटअप -ए ने बघा (एल-ओ-एस-ई-टी-यू-पी). त्या फोल्डराच्या आत आणखी काही माउंट आहे का हे फाइंडएमएनटी -आर आणि पुढे तो पत्ता देऊन कळते, यातला आरही मोठा. डिस्क कुलूपबंद (एनक्रिप्ट केलेली) असेल तर आधी आतले अनमाउंट, मग क्रिप्टसेटअप क्लोज, मग पॉवर-ऑफ. हा क्रम उलटा चालत नाही.

आणि यूमाउंट -एल. इंटरनेटवर पहिला उपाय म्हणून हाच सापडतो, आणि दुकानात तोच सगळ्यात घातक. एल म्हणजे लेझी. तो फोल्डर लगेच नजरेआड करतो, पण ज्याने फाइल धरली आहे तो धरूनच असतो आणि लिखाण चालूच राहते. तुम्हाला वाटते निघाला, आणि आता कोण धरून आहे हे शोधायचा पत्ताही हातातून गेलेला असतो. नेटवर्कवरचे मेलेले फोल्डर सोडवायला तो ठीक आहे, गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हला नाही.

दोन्ही कमांडी एका ओळीत घालायच्या असतील तर मध्ये अर्धविराम नको, दोन अँपरसँड घाला. अँपरसँडने पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालते. स्क्रिप्टमध्ये एसडीबी हे नाव कायमचे कोरू नका. कोणी पेनड्राइव्ह माउंट असतानाच उपटला की जुने नाव अडकून राहते आणि पुढचा एसडीसी होतो. मग स्क्रिप्ट भलत्यालाच काढायला जाते. पत्त्यावरून नाव काढा: फाइंडएमएनटी -एन -ओ सोर्स आणि पुढे फोल्डर दिलेत की भाग मिळतो, एलएसबीएलके -एनओ पीकेनेम ला तो भाग दिलात की अख्ख्या डिस्कचे नाव मिळते.

छपाईच्या दुकानासाठी मात्र याहून बरा रस्ता आहे. कार्डावर तुम्हाला लिहायचेच नाही, मग लिहायची सोय ठेवायची कशाला?

यूडिस्क्ससीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसडीबी१ -ओ आरओ

आरओ म्हणजे फक्त वाचन. कार्डे फॅट३२ किंवा एक्सफॅटची असतात. अशी माउंट केल्यावर त्यावर एक बाइटही लिहिला जात नाही, आणि घाईत कोणी उपटले तरी बिघडायला काही उरत नाही. फार तर तुमची कॉपी अर्धी राहील. संगणकाने ते आधीच आपोआप माउंट केले असेल तर आधी सोडवून मग असे लावा. मोठ्या एसडी कार्डाच्या बाजूची छोटी कळ खाली सरकवली तरी बहुतेक रीडर लिखाण अडवतात. मायक्रोएसडीला ती कळ नसते, पण अडॅप्टरला असते.

आणि पेनड्राइव्हवर लिहून द्यायचेच काम जास्त असेल, शिवाय संगणकाला मेमरी भरपूर असेल, तर साठवणीची मर्यादा खाली आणा: सिस्टीमकंट्रोलमध्ये (एस-वाय-एस-सी-टी-एल) व्हीएम.डर्टी_बाइट्स ५०३३१६४८, म्हणजे ४८ एमबी, आणि व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स १६७७७२१६, म्हणजे १६ एमबी. कॉपीची पट्टी मग खरे बोलू लागते, शेवटचे अनमाउंट दोन-पाच सेकंदांत उरकते. किंमत एवढीच की मोठ्या फाइली संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर लिहितानाही तो थोडा आधी दम घेतो.

विंडोजवर गोष्ट जरा सुसह्य आहे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कांना 'क्विक रिमूव्हल' हे धोरण मुळातच लागू असते, म्हणजे लिखाण मेमरीत साठवून ठेवत नाहीत. कॉपी संपली की संपली. तरी कमांड हवी असेल तर पॉवरशेलमध्ये:

(न्यू-ऑब्जेक्ट -कॉमऑब्जेक्ट शेल.ॲप्लिकेशन).नेमस्पेस(१७).पार्सनेम("ई:").इन्व्होकव्हर्ब("इजेक्ट")

१७ म्हणजे 'धिस पीसी'. ही ओळ स्क्रिप्टच्या शेवटी टाकली तर काहीच घडत नाही अशी तक्रार नेहमी येते. ती काम मागे सोपवून लगेच परत येते आणि स्क्रिप्ट संपली की कामही संपते. खाली स्टार्ट-स्लीप ५ टाका. ती यश-अपयशही सांगत नाही, म्हणून मग टेस्ट-पाथ ने ई: अजून आहे का ते विचारा. पुढे कोणी बसलेले नसताना, एसएसएचने किंवा सेवेतून, तिच्या भरवशावर राहू नका.

दुसरी सुचवली जाते ती माउंटव्हॉल ई: /पी. ती चालते, पण धसमुसळी आहे: कोणी फाइल उघडून बसले असेल तर न विचारता ती बंद करून डिस्क सोडवते. शिवाय तो भाग त्या संगणकापुरता 'अक्षर देईपर्यंत माउंट करू नये' अशा यादीत जातो. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या दिवशी घातला की 'दिसतच नाही' म्हणून आरडाओरडा. नुसते माउंटव्हॉल टाइप करा, खाली लांबलचक कंसातली नावे येतात. ज्याखाली 'नॉट माउंटेड' लिहिले आहे ते नाव उचला आणि माउंटव्हॉल ई: पुढे ते चिकटवा.

पेनड्राइव्ह कोणी अडवला हे विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम नोंदीत मिळते. कर्नल-पीएनपी, क्रमांक २२५: कोणत्या प्रोग्रामने, कोणत्या प्रक्रिया क्रमांकाने काढणे अडवले ते सरळ लिहिलेले असते. डिस्कपार्टनेही अक्षर काढता येते, पण त्याच प्रॉम्प्टवर 'क्लीन' नावाची कमांड आहे, ती निवडलेल्या डिस्कवरचे भागच उडवते. काउंटरवरच्या पोरासाठी ती जागा नाही.

मॅकवर डिस्कयूटिल लिस्ट एक्स्टर्नल ने नाव बघा, मग डिस्कयूटिल इजेक्ट डिस्क४, किंवा जो आकडा असेल तो. इथे नुसते अनमाउंट एकाच भागाचे असते, अनमाउंटडिस्क सगळ्या भागांचे, आणि इजेक्ट दोन्ही करून डिस्क सोडते. अडले तर 'डिसेंटेड बाय पीआयडी' आणि क्रमांक येतो, शोधत बसावे लागत नाही. ती प्रक्रिया एमडीएस निघाली तर स्पॉटलाइट (मॅकची शोधयंत्रणा) गिऱ्हाइकाच्या फोटोंची सूची बनवत आहे. सूडो एमडीयूटिल -आय ऑफ आणि त्या डिस्कच्या फोल्डरचा पत्ता, मग पुन्हा इजेक्ट.

कोणीतरी उपटलाच, तर लिनक्स पुढच्या वेळी कर्नलच्या नोंदीत, म्हणजे डीमेसेजमध्ये (डी-एम-ई-एस-जी), 'वॉल्यूम वॉज नॉट प्रॉपर्ली अनमाउंटेड' असे लिहितो. फोटो मोलाचे असतील तर दुरुस्तीला हात लावण्याआधी डीडी या कमांडने (डी-डी) अख्ख्या कार्डाची प्रत काढा. मग कार्ड फॅट३२चे असेल तर अनमाउंट ठेवूनच सूडो एफएससीके.व्हीफॅट -ए /डेव्ह/एसडीबी१. मालक नसलेले तुकडे तो एफएससीके०००० अशा नावाच्या, आरईसी शेपटीच्या फाइलींत ठेवतो. विंडोजवर हेच काम चेकडिस्क (सी-एच-के-डी-एस-के) ई: /एफ करतो आणि तुकडे फाउंड.००० या लपलेल्या फोल्डरात सीएचके शेपटीने जातात. त्या फाइलींची शेपटी जेपीजी करून एकेक उघडून बघा. अखंड राहिलेला फोटो असेल तर उघडतो, अर्धा असेल तर खालचा भाग करडा दिसतो.